अंक बरोबर, नाव उलटे: ऑक्सिडक आणि क्षपणक ओळखताना पुन्हा पुन्हा होणारी चूक

दहावीच्या उत्तरपत्रिकांत, आणि पुढे अकरावी-बारावीच्या वह्यांतही, एक चूक इतक्या नेमाने येते की तपासणाऱ्याच्या डोळ्यांना ती सवयीची होऊन जाते. झिंकची पट्टी कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात बुडवली तर काय होईल, या प्रश्नाला विद्यार्थी समीकरण बरोबर लिहितो, झिंकचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने दिलेल्या-घेतलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब सांगणारा आकडा) ० वरून +२ झाला हे बरोबर लिहितो, कॉपरचा +२ वरून ० झाला हेही बरोबर लिहितो, झिंकचे ऑक्सिडीकरण (अंक वाढणे) आणि कॉपरचे क्षपण (अंक घटणे) झाले असा अचूक निष्कर्ष काढतो आणि शेवटच्या ओळीत "म्हणून झिंक हे ऑक्सिडक आहे" असे लिहून मोकळा होतो. रसायनशास्त्राचा सगळा भाग त्याला आलेला असतो. गुण मात्र त्या एका ओळीमुळे जातो.

यावर शिकवणीत सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे "व्याख्या पुन्हा पाठ कर" हा होय, आणि तो बहुधा लागू पडत नाही. वर्षानुवर्षे अशा वह्या पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की "ऑक्सिडक-क्षपणक चुकतात" या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे दोष दडलेले असतात आणि तिघांना एकच औषध देऊन चालत नाही. पहिला दोष शब्दाचा असतो, दुसरा नाव कोणाचे द्यायचे याचा आणि तिसरा खरोखर अंक काढण्याचा. यांपैकी आपला दोष कोणता हे कळण्यासाठी स्वतःची चुकलेली चार-पाच उत्तरे समोर घ्यावीत. अंक बरोबर असून नावे नेमकी उलटी असतील तर दोष पहिला आहे. बाजू बरोबर, पण उत्तरात "मँगनीज" किंवा "मँगनीज सल्फेट" असे काही लिहिले असेल तर दोष दुसरा आहे. अंकच जुळत नसतील तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही, आधी तिसऱ्याकडे जावे.

शब्दाचा दोष

"ऑक्सिडीकरण ज्याचे होते तो ऑक्सिडक" असे मनात बसलेले असते, आणि ते बसण्याचे कारण म्हणजे दोन्ही शब्दांचा सारखा नाद. येथे मराठी व्याकरणच मदतीला येते. शेवटचा "क" हा करणाऱ्याचा असतो. मारक म्हणजे मरणारा नव्हे, मारणारा. तारक म्हणजे तरणारा नव्हे, तारणारा. शोषक आणि शोषित या जोडीत कोण कोणाचे शोषण करतो याबद्दल कोणाचाही गोंधळ होत नाही. त्याच चालीवर ऑक्सिडक हा दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि क्षपणक दुसऱ्याचे क्षपण करतो. झिंकचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे झिंक ऑक्सिडित झाले. ते करणारा जो कोणी समोर होता, तो ऑक्सिडक.

क्षपण हा शब्द मुलांना परका वाटतो, कारण रोजच्या बोलण्यात तो येत नाही. तो आणि क्षय एकाच कुळातले आहेत, दोहोंतही घट हाच अर्थ आहे, आणि ऑक्सिडीकरण अंक घटणे म्हणजेच क्षपण असल्यामुळे हा शब्द येथे नेमका बसतो. (विक्रमादित्याच्या नवरत्नांच्या परंपरागत यादीतही एक क्षपणक आहेत, तेथे त्या शब्दाचा अर्थ श्रमण असा होतो आणि त्यांचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही, पण हे ऐकल्यावर शब्द विसरलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.)

याहून पक्की खूण हवी असेल तर ती पतपेढीच्या कागदांत सापडते. कर्ज देणारा तो धनको आणि घेणारा तो ऋणको. आता कर्जाच्या जागी इलेक्ट्रॉन ठेवावेत. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे जो इलेक्ट्रॉन देतो त्याचा अंक धन दिशेने सरकतो आणि जो घेतो त्याचा अंक ऋण दिशेने सरकतो. झिंकने दोन इलेक्ट्रॉन दिले, झिंक धनको ठरले आणि त्याचा अंक +२ झाला. कॉपर आयनाने ते घेतले, तो ऋणको ठरला आणि त्याचा अंक दोनाने खाली आला. धनको हा क्षपणक, ऋणको हा ऑक्सिडक. एवढी जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की नावे उलटी होणे बहुतांशी थांबते. या उपमेची मर्यादाही सांगून ठेवतो. सहसंयुज बंध असलेल्या संयुगांत इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष हातातून हातात जातातच असे नाही. ऑक्सिडीकरण अंक ही तेथे केवळ हिशेबाची सोय असते. ओळखण्याच्या कामाला तेवढा हिशेब पुरतो.

नाव कोणाचे लिहायचे

लोखंडाच्या झोतभट्टीचे समीकरण घेऊ.

फेरिक ऑक्साइड + ३ कार्बन मोनॉक्साइड → २ लोह + ३ कार्बन डायऑक्साइड

लोहाचा अंक +३ वरून ० झाला आणि कार्बनचा +२ वरून +४ झाला. येथे "ऑक्सिडक: लोह, क्षपणक: कार्बन" असे उत्तर येते, आणि त्यात दिशा बरोबर असूनही उत्तर चुकते, कारण भट्टीत सुट्या लोहाने काहीच केलेले नाही, लोह तर तिच्यातून बाहेर पडले आहे. ज्याच्या अंगात बदलणारा अणू होता तो संपूर्ण अभिकारक लिहायचा असतो: ऑक्सिडक फेरिक ऑक्साइड आणि क्षपणक कार्बन मोनॉक्साइड. दुसरा एक विद्यार्थी उत्तर म्हणून कार्बन डायऑक्साइड लिहितो, कारण त्याला त्यात ऑक्सिजन जास्त दिसतो. त्याच्यासाठी माझी सूचना अगदी यांत्रिक आहे. उत्तर लिहिण्याआधी बाणाच्या उजवीकडचा भाग हाताने झाकावा. ऑक्सिडक आणि क्षपणक नेहमी बाणाच्या डावीकडेच असतात. उजवीकडे आहे तो त्यांनी केलेल्या कामाचा परिणाम. अंक काढताना उजवी बाजू लागते, नाव देताना ती झाकलेलीच बरी.

आयनांच्या समीकरणात हाच नियम आयनाला लागतो. परमँगनेट आयन ऑक्सिडक असतो, त्यातले सुटे मँगनीज नव्हे. पोटॅशियम तर केवळ सोबतीला आलेले असते. प्रश्नात पूर्ण संयुग दिले असेल तर "पोटॅशियम परमँगनेट" असे लिहावे आणि आयन दिला असेल तर "परमँगनेट आयन" असे.

मुळात देवघेव झाली आहे का?

काही प्रश्नांत ऑक्सिडक आणि क्षपणक नसतातच, आणि तरीही विद्यार्थी दोघांची नावे लिहून येतो. याचे मूळ जुन्या व्याख्येत आहे. ऑक्सिजन मिळणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि तो जाणे म्हणजे क्षपण ही व्याख्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या काळापासून चालत आली आहे. १७७४ मध्ये प्रिस्टलीने मर्क्युरी ऑक्साइड तापवून जो वायू मिळवला त्याला ऑक्सिजन हे नाव पुढे लाव्हाझिएने दिले, आणि धातूच्या भस्मापासून धातू परत मिळवणे म्हणजे क्षपण, हा त्या काळातला सरळ अर्थ होता. दहावीपर्यंत ही व्याख्या काम भागवते. पण चुनखडी भट्टीत तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात, तेथे ती फसवते. कॅल्शियम कार्बोनेटमधला ऑक्सिजन कमी झाला असे दिसते, आणि "क्षपण झाले" असे उत्तर येते. अंक काढून पाहावेत: कॅल्शियम आधी +२, नंतर +२, कार्बन आधी +४, नंतर +४, ऑक्सिजन सगळीकडे −२. कोणाचाच अंक हललेला नाही, म्हणून ही रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाची, अभिक्रिया नाही.

रंगबदल हा असाच दुसरा फसवा साक्षीदार आहे. पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटच्या द्रावणात आम्ल घातले की द्रावण नारिंगी होते, कारण त्यातून डायक्रोमेट तयार होते. पण क्रोमियम दोन्हीकडे +६ च असते. याच नारिंगी द्रावणात क्षपणक घातल्यावर ते हिरवे होते, आणि त्या वेळी मात्र क्रोमियम खरोखर +६ वरून +३ वर उतरलेले असते. रंग बदलला म्हणून अंक बदललाच पाहिजे असे नाही, एवढे लक्षात ठेवून प्रत्येक वेळी आधी अंकच काढावेत. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड यांच्यातल्या दुहेरी विस्थापनासारख्या, नुसता अवक्षेप देणाऱ्या अभिक्रिया याच वर्गातल्या आहेत. त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

अंकच चुकतात तेव्हा

"ऑक्सिजन −२ आणि हायड्रोजन +१" हे दोन नियम इतके पाठ झालेले असतात की त्यांचे अपवाद नजरेतून सुटतात. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ असतो. सोडियम हायड्राइडसारख्या धातूंच्या हायड्राइडमध्ये हायड्रोजन −१ असतो. म्हणूनच सोडियम हायड्राइड पाण्यात टाकल्यावर हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा हायड्राइड हा क्षपणक असतो आणि ऑक्सिडकाची जागा चक्क पाण्याकडे जाते. फ्लोरिनशी जोडला गेल्यावर ऑक्सिजनचा अंक धनही होतो.

चुकलेला अंक पकडण्याची एक साधी चाळणी आहे. कोणत्याही अणूचा ऑक्सिडीकरण अंक त्याच्या बाह्य, म्हणजे बंधासाठी उपलब्ध असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येपेक्षा वर जाऊ शकत नाही. देण्यासाठी जवळ जेवढे आहे त्याहून जास्त कोण देणार? क्रोमियमजवळ असे सहा इलेक्ट्रॉन आहेत. आम्लयुक्त डायक्रोमेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर इथरच्या थरात जे सुंदर निळे संयुग उतरते, त्यात एका क्रोमियमला पाच ऑक्सिजन असतात, आणि प्रत्येकाला −२ धरून हिशेब केला की क्रोमियम +१० येते. हा आकडा अशक्य आहे, याचा अर्थ हिशेबात धरलेले काहीतरी चूक आहे. प्रत्यक्षात त्यातले चार ऑक्सिजन पेरॉक्साइडचे असतात, म्हणजे प्रत्येकी −१, आणि एकच −२ असतो. बेरीज −६ होते आणि क्रोमियम +६ ठरते. येथे एक गंमतही आहे: डायक्रोमेटमध्येही क्रोमियम +६ च होते आणि पेरॉक्साइडचा ऑक्सिजनही −१ च राहिला, त्यामुळे नारिंगीचा निळा होण्याचा हा देखणा बदल रेडॉक्स नाहीच. प्रवेशपरीक्षांत हा प्रश्न का आवडीचा आहे ते यावरून कळावे. पेरॉक्सीसल्फ्युरिक आम्लात सल्फर +८ येते तेव्हाही हीच चाळणी लावावी. तेथे दोन ऑक्सिजन पेरॉक्साइडचे असतात आणि सल्फर +६ वर येते.

दुसरा उगम म्हणजे सरासरी. एकाच मूलद्रव्याचे अणू एकाच संयुगात दोन वेगळ्या अवस्थांत असतील तर नेहमीची बेरीज त्यांची सरासरी देते, आणि सरासरी खरी अवस्था झाकून टाकते. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे याचे घरचे उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन आणि दोन क्लोरिन असतात, आणि हिशेबाने क्लोरिनचा अंक ० निघतो. वस्तुतः त्यातला एक क्लोरिन −१ आणि दुसरा, ऑक्सिजनशी जोडलेला, +१ असतो. पाण्यातल्या जंतूंवर चालतो तो हा +१ वाला. −१ वाल्याला आणखी इलेक्ट्रॉन घेण्याची गरजच उरलेली नसते.

सरासरीचा सर्वांत फसवा नमुना अमोनियम नायट्रेटचा आहे. ते तापवल्यावर नायट्रस ऑक्साइड आणि पाणी मिळते. अमोनियम नायट्रेटमधल्या दोन नायट्रोजनांची सरासरी +१ आणि नायट्रस ऑक्साइडमध्येही नायट्रोजन +१, म्हणून "अंक बदलला नाही, ही रेडॉक्स नव्हे" असे उत्तर हुशार विद्यार्थीही देतात. संयुगाचे दोन आयन वेगळे करून पाहिले की चित्र पालटते: अमोनियममधला नायट्रोजन −३ आहे आणि नायट्रेटमधला +५. एक चार पायऱ्या वर चढतो, दुसरा चार पायऱ्या खाली उतरतो आणि दोघे +१ वर भेटतात. अमोनियम आयन क्षपणक आणि नायट्रेट आयन ऑक्सिडक. म्हणून क्षार दिसला की आधी त्याचे आयन सुटे करावेत आणि मगच अंक लिहावेत.

अंक काढून झाल्यावर एक पडताळणी न चुकता करावी, कारण ती अंकांचा दोष लगेच उघडा पाडते. एकूण दिलेले इलेक्ट्रॉन आणि एकूण घेतलेले इलेक्ट्रॉन समान आले पाहिजेत. झोतभट्टीच्या समीकरणात दोन लोहांनी प्रत्येकी तीन, म्हणजे सहा घेतले. तीन कार्बनांनी प्रत्येकी दोन, म्हणजे सहा दिले. हिशेब जुळला. न जुळल्यास कोणता तरी अंक चुकला आहे, किंवा समीकरणच संतुलित नाही.

अर्धवेळ काम करणारे अभिकारक

ही पडताळणी करताना एका ठिकाणी विद्यार्थी हमखास अडतात. मँगनीज डायऑक्साइडवर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून क्लोरिन तयार करताना समीकरणात आम्लाचे चार रेणू असतात. मँगनीज +४ वरून +२ वर येते, म्हणजे त्याने दोन इलेक्ट्रॉन घेतले. क्लोरिन −१ वरून ० वर गेला. चारही क्लोरिन मोजले तर चार इलेक्ट्रॉन दिले असे होते आणि हिशेब फसतो. उजवीकडे पाहिल्यावर उलगडा होतो. फक्त दोन क्लोरिन वायू म्हणून बाहेर पडले आहेत. उरलेले दोन मँगनीज क्लोराइडमध्ये −१ राहूनच गेले. म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चार रेणूंपैकी दोघांनी क्षपणकाचे काम केले आणि दोघांनी केवळ आम्लाचे. उत्तर "क्षपणक: हायड्रोक्लोरिक आम्ल" असेच राहते, पण प्रश्न "किती मोल आम्लाचे ऑक्सिडीकरण झाले" असा असेल तर चार हे उत्तर चुकते.

कॉपर आणि संहत नायट्रिक आम्लाचेही असेच. चार रेणूंपैकी दोघांचे क्षपण होऊन तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दोन नायट्रेट आयन कॉपरच्या सोबतीला बसतात. आम्ल विरल असेल तर तीन कॉपरमागे आठ रेणू लागतात आणि त्यांतल्या दोघांचेच क्षपण होऊन नायट्रिक ऑक्साइड मिळतो.

नुसती हजेरी लावणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे आम्ल यांतला हा फरक बारावीच्या प्रात्यक्षिकात महाग पडू शकतो. परमँगनेटने फेरस क्षाराचे अनुमापन करताना (म्हणजे ब्युरेटमधून मोजून द्रावण सोडून त्याचे प्रमाण काढताना) शंकुपात्रात विरल सल्फ्युरिक आम्लच का घालायचे, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे, आणि "आम्लयुक्त माध्यमासाठी" हे त्याचे अर्धेच उत्तर होते. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करू लागते आणि ब्युरेटमधून जास्त द्रावण जाते. नायट्रिक आम्ल घातले तर ते स्वतःच ऑक्सिडक असल्यामुळे फेरस आयनाचा काही भाग परस्पर खाऊन टाकते आणि ब्युरेटचे वाचन कमी येते. विरल सल्फ्युरिक आम्ल या देवघेवीत पडत नाही, म्हणून ते. मात्र तेच सल्फ्युरिक आम्ल संहत आणि उष्ण असेल आणि समोर कॉपर असेल, तर ते ऑक्सिडक बनते आणि सल्फर डायऑक्साइड सोडते. डायक्रोमेटच्या अनुमापनात मात्र विरल हायड्रोक्लोरिक आम्ल चालते, कारण प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन खेचण्याची ताकद दाखवणारा आकडा) डायक्रोमेटचा +१.३३ व्होल्ट, क्लोरिनचा +१.३६ आणि परमँगनेटचा +१.५१ आहे; डायक्रोमेट क्लोराइडपर्यंत पोहोचत नाही, परमँगनेट सहज पोहोचते.

एकच बाटली, दोन भूमिका

"हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिडक की क्षपणक?" असा प्रश्न जेव्हा कोणी विचारतो, तेव्हा प्रश्नच अपुरा आहे हे दाखवण्यासाठी मी दोन परीक्षानळ्या घेतो. औषधाच्या दुकानात मिळणारे २० व्हॉल्यूमचे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे, पेरॉक्साइड यासाठी पुरते. पहिल्या नळीत पोटॅशियम आयोडाइडचे रंगहीन द्रावण आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब असतात. पेरॉक्साइड घातल्यावर थोड्याच वेळात द्रावण पिवळसर आणि मग तपकिरी होते, आणि त्यात स्टार्चचा एक थेंब टाकला की ते काळपट निळे पडते. आयोडाइडचे आयोडिन झाले, म्हणजे पेरॉक्साइडने त्याचे इलेक्ट्रॉन घेतले. दुसऱ्या नळीत परमँगनेटचे फिकट जांभळे द्रावण आणि तसेच आम्ल असते. त्यात त्याच बाटलीतले तेच पेरॉक्साइड थेंब थेंब घालत गेले की आत बुडबुडे उठतात, जांभळा रंग विरत जातो आणि शेवटी नळीत पाण्यासारखे स्वच्छ द्रावण उरते. बुडबुडे ऑक्सिजनचे असतात. येथे पेरॉक्साइडने इलेक्ट्रॉन दिले आणि मँगनीज +७ वरून +२ वर आले.

पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वर, म्हणजे मधल्या पायरीवर उभा आहे. तो खाली −२ वरही जाऊ शकतो आणि वर ० वरही. कोणत्या वेळी कुठे जाईल हे समोरचा ठरवतो. आकड्यांत सांगायचे तर पेरॉक्साइडचे पाणी होतानाचा प्रमाण क्षपण विभव सुमारे +१.७७ व्होल्ट आहे आणि ऑक्सिजनचे पेरॉक्साइड होतानाचा सुमारे +०.७. आयोडिनचा विभव +०.५४ म्हणजे +०.७ च्याही खाली असल्यामुळे पेरॉक्साइड आयोडाइडवर कुरघोडी करते, तर +१.५१ वाल्या परमँगनेटपुढे तेच इलेक्ट्रॉन सोडून देते. परमँगनेट समोर असेल तर पेरॉक्साइड क्षपणक; आयोडाइड, फेरस आयन किंवा लेड सल्फाइड समोर असतील तर ऑक्सिडक, अशी यादी शालेय प्रश्नांना पुरते. सल्फर डायऑक्साइडचेही असेच आहे. डायक्रोमेटने भिजवलेला कागद हिरवा करताना ते क्षपणक असते आणि हायड्रोजन सल्फाइडसमोर ऑक्सिडक असते; त्या दुसऱ्या अभिक्रियेत दोन्हीकडून आलेले सल्फर एकच पिवळी पूड होऊन खाली बसते.

याउलट, ज्यांचा अणू शिडीच्या टोकावर आहे त्यांना अशी मोकळीक नसते. परमँगनेटमधले मँगनीज +७ वर आहे, त्याला आणखी वर जागा नाही. आयोडाइड −१ वर आहे, त्याला खाली जागा नाही. एखाद्या पदार्थाची भूमिका आठवत नसेल तर तो शिडीवर कुठे उभा आहे एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

दोन्ही भूमिका एकाच वेळी एकाच पदार्थाने केल्या तर त्या अभिक्रियेला डिसप्रपोर्शनेशन म्हणतात. थंड व विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये क्लोरिन सोडला की एका रेणूतला एक अणू −१ वर जाऊन सोडियम क्लोराइड देतो आणि दुसरा +१ वर जाऊन हायपोक्लोराइट देतो. "दोन वेगळी नावे लिहायलाच हवीत" या समजुतीने विद्यार्थी येथे सोडियम हायड्रॉक्साइडला ओढून आणतात, पण सोडियम, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांपैकी कोणाचाही अंक बदललेला नसतो. ऑक्सिडकही क्लोरिन, क्षपणकही क्लोरिन, असेच लिहावे. द्रावण उष्ण व संहत असेल तर सहा क्लोरिन अणूंपैकी पाच −१ वर उतरतात आणि एकटा +५ वर चढून क्लोरेट देतो.

याच्या उलट चालीची अभिक्रिया आयोडिनयुक्त मिठाच्या परीक्षणात दिसते. आपल्याकडच्या मिठात आयोडिन पोटॅशियम आयोडेटच्या रूपात घातलेले असते, आणि आयोडेट स्वतः स्टार्चला निळे करत नाही. म्हणून नुसत्या स्टार्चने मीठ तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि मिठात आयोडिन नसल्याचा समज होतो. मिठाच्या द्रावणात थोडे आम्ल, पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च घातल्यावर निळा रंग उमटतो. आयोडेटमधला आयोडिन +५ वर आहे, आयोडाइडमधला −१ वर, आणि दोघेही ० वर येऊन भेटतात. एका आयोडेटला पाच इलेक्ट्रॉन लागतात आणि प्रत्येक आयोडाइड एकच देतो, म्हणून एकाला पाच हे प्रमाण येते. उत्तरपत्रिकेत येथे "ऑक्सिडक: आयोडिन, क्षपणक: आयोडिन" असे उत्तर लिहिलेले मी पाहिले आहे. उजवी बाजू हाताने झाकली असती तर आयोडिन दिसलेच नसते. डावीकडे आयोडेट आहे, तो ऋणको, आणि आयोडाइड आहे, तो धनको.